फ्रेंच खेडी आणि खोडता न येणारी नावं

फ्रान्सच्या लहान खेड्यांत मतपत्रिकेवरचं नाव खोडायची मुभा आता गेली, आणि त्यावरून वाद आहे. तो समजून घेताना घोळ शब्दापासूनच आहे. फ्रान्समधल्या सगळ्यात खालच्या स्थानिक संस्थेला 'कम्यून' म्हणतात. १८७१ च्या पॅरिसच्या उठावामुळे आपल्याकडे या शब्दाला लाल रंग चिकटला, पण पॅरिसही कम्यून आणि शंभर वस्तीचं खेडंही कम्यूनच. गोव्यातली कोमुनिदाद वेगळी. ती गावकारांच्या सामाईक जमिनीची संस्था, ही गावच्या कारभाराची. प्रमुखाला 'मेयर' म्हणतात. आपली वर्तमानपत्रं त्याचं सरसकट 'महापौर' करतात, आणि नव्वद माणसांच्या वाडीलाही महापौर मिळतो! 'सरपंच' जास्त जवळचा शब्द, मात्र मेयरला लोक थेट निवडत नाहीत. निवडून आलेले सदस्य आपल्यातून एकाला नेमतात. ही पद्धत १८८४ च्या कायद्याने पक्की झाली.

डिसेंबर १७८९ मध्ये क्रांतीने जुन्या चर्चच्या हद्दींवरच ही रचना उभी केली, म्हणून संख्या चाळीस हजारांच्या वर गेली. १७९२ मध्ये जन्म-विवाह-मृत्यूची नोंदवही पाद्र्याकडून गावाकडे आली. १९०५ साली धर्म आणि राज्य वेगळे झाल्यावरही जुन्या चर्चच्या इमारती कम्यूनच्याच मालकीच्या राहिल्या. घंटाघराचं छप्पर गळलं की मेयरची झोप उडते ती त्यामुळे. पहिल्या महायुद्धात व्हर्दनच्या लढाईत बेचिराख झालेल्या सहा गावांत तर आज एकही माणूस राहत नाही. तरी ती कागदोपत्री कम्यून आहेत आणि त्यांना सरकारनियुक्त मेयरही आहे.

१९७१ मध्ये गावं एकत्र करण्याचा कायदा आला आणि फारसा चालला नाही. २०१० नंतर 'नवी कम्यून' ही योजना निधीचं आमिष दाखवून पुढे सरकली. आकडा आता पस्तीस हजारांच्या आत आहे. त्यांतल्या सुमारे पंचवीस हजारांत हजाराहून कमी वस्ती.

सध्याचा वाद याच पंचवीस हजारांचा आहे. तिथे मतदार मतपत्रिकेवरचं नको ते नाव खोडायचा आणि दुसऱ्या गटातलं हवं ते लिहायचा. या सरमिसळीला 'पानाशाज' म्हणत. २०१४ पर्यंत तर उमेदवारी अर्जही लागत नसे. उभं न राहता माणूस निवडून येई. मतं प्रत्येकाची वेगळी मोजली जात, त्यामुळे पाणीपट्टी वाढवणाऱ्याला किती शेजाऱ्यांनी कापलं, हे संध्याकाळपर्यंत गावभर होई. मेयर मंडळी याला 'कबुतरांची शिकार' म्हणत.

मे २०२५ च्या कायद्याने हे संपवलं. मार्च २०२६ पासून खेड्यांतही एक बाई, एक पुरुष अशी आलटून-पालटून बांधलेली यादी. हेतू चांगला होता. मोठ्या गावांत समानता केव्हाच आली होती, लहान गावांत बायका मागे होत्या. पण ऐंशी वस्तीच्या गावात, निम्मे लोक म्हातारे असताना, यादी भरायची कुठून? म्हणून सवलत दिली: शंभराखालच्या गावात सात जागा असल्या तरी पाच नावांची यादी चालेल, आणि परिषद पूर्ण मानली जाईल. अनेक गावांत यादी एकच निघणार, हे विरोधक तेव्हापासून सांगत होते. माझ्या मते त्यांची बाजू पुरेशी ऐकली गेली नाही.

आता पत्रिकेवर कुणी रेघ मारली की ते मत बाद.