देणगीची पाटी आणि नर्सचा पगार

नागपुरात जुन्या दानशूर घराण्यांची नावं शोधायला कागदपत्रं चाळावी लागत नाहीत. ‘डागात बाळंत झाली’ (म्हणजे डागा रुग्णालयात) असं अर्धं शहर आजही सहज बोलून जातं, आणि सभा असली की पाय कस्तुरचंद डागांच्या नावाच्या कस्तुरचंद पार्ककडे वळतात. दोन्हीकडे नाव डागांचंच. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रानं विद्यापीठाला ठेवलेल्या संपत्तीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. या दानांचा ठसा इमारतीचा आणि जागेचा होता. द्यायचं काय, हे घरातले पुरुष ठरवत.

आरोग्याचं प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायका या चित्रात दुसऱ्या टोकाला होत्या. त्यातलं सगळ्यात ठळक नाव कमलाताई होस्पेट. लहान वयात वैधव्य आलं, मग नर्सिंगचं शिक्षण घेतलं, आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी मातृसेवा संघ सुरू केला. त्या काळी दवाखान्यात बाळंत व्हायला घरचे सहसा तयार नसत. परक्या पुरुष डॉक्टरचा तर प्रश्नच नव्हता. सुईणपणाचं शिक्षण घेतलेली, आपल्याच भाषेत बोलणारी बाई हाच त्यावरचा उपाय होता. पुढे संघाचा व्याप प्रसूतिगृहापलीकडे गेला: समाजकार्य महाविद्यालय, पंचवटी वृद्धाश्रम. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र त्यांच्यामागे घराण्याची तिजोरी नव्हती. काम करायचं आणि त्यासाठी पैसाही मागून आणायचा, अशी दुहेरी ओढाताण होती. पैसा देणारी आणि पैसा कुठे लागतो हे जाणणारी व्यक्ती एकच असणं, हे त्या पिढीत जवळपास अशक्य होतं.

आज आरोग्याच्या कामात काही वर्षं घालवून घरच्या ट्रस्टची सूत्रं हाती घेतलेली बाई नवलाची वाटत नाही. त्यामागे बरेच बदल आहेत. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. विश्वस्तपद वारशानं आपोआप मिळत नाही, ते ट्रस्ट डीडवर, म्हणजे ट्रस्ट स्थापन करणाऱ्या दस्तावर ठरतं. पण मालमत्तेत वाटा असलेल्या मुलीला बैठकीबाहेर ठेवणं अवघड झालं. सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकायला एमबीबीएसच हवं, ही अटही सैल झाली. आणि १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करणं भाग पडलं. तेव्हापासून उद्योजक घरांना हिशेब, पाहणी, अहवाल समजणारं माणूस घरातच हवं वाटू लागलं.

कागदावर हे पदार्पण अगदी रूक्ष असतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम (मूळचा १९५० चा मुंबईचा कायदा, विदर्भाला १९६१ पासून लागू) सांगतो की विश्वस्त बदलला तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद द्यायची. घरातल्या भावकीचं भांडण असेल तर ते नेमकं इथेच बाहेर येतं.

खरा पेच त्यानंतरचा. गावोगाव फिरलेल्या बाईला ठाऊक असतं की एका वॉर्डापेक्षा दोन नर्सचे पगार जास्त जीव वाचवतात. जुन्या विश्वस्तांना उद्घाटन हवं असतं, आणि पगारावर पाटी लावता येत नाही. माझ्या मते या बायकांची खरी परीक्षा घरच्याच बैठकीत होते. सरकारी कार्यालयात त्यामानानं सोपं जातं.

सिकलसेलचंच बघा. विदर्भात रक्ताचा हा आनुवंशिक आजार आदिवासी आणि दलित समाजांत मोठ्या प्रमाणावर आहे. तपासणीचं शिबिर एका दिवसात होतं, फोटोही छान येतात. पण सापडलेल्या मुलाला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या वर्षानुवर्षं लागतात, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, लग्नाआधी दोन्ही घरांशी बोलावं लागतं. २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेनंही हा आजार संपवण्याच्या उद्दिष्टाचं वर्ष २०४७ ठरवलंय. उलट सीएसआरच्या नियमांत सलग चालणाऱ्या प्रकल्पाला सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून तीनच वर्षं मिळतात. ती मुदत संपल्यावर समुपदेशक बाईंचा पगार कुणी द्यायचा, हा प्रश्न मग घरच्या ट्रस्टकडे येतो. त्याच्यावर अशी मुदत नाही. विश्वस्तांची तयारी मात्र लागते.