चौदाव्या वर्षी दोन शपथा: पूर्व जर्मनीतल्या कन्फर्मेशनची पार्श्वभूमी

कन्फर्मेशन म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलाने मोठं होताना चर्चमध्ये आपली श्रद्धा स्वतः कबूल करण्याचा विधी. तो घेणाऱ्या मुलाच्या 'हो'ला किती वजन द्यायचं, हा प्रश्न पूर्व जर्मनीतल्या लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथातल्या, घरांमध्ये 1950च्या दशकात जितका टोकाला गेला तितका आधी कधी गेला नसेल, म्हणून जुना इतिहास पटकन उरकतो. लुथरने कन्फर्मेशनला सॅक्रामेंट, म्हणजे ख्रिस्ताने घालून दिलेला पवित्र संस्कार, मानलंच नाही, 1539 मध्ये जर्मनीच्या हेस्से प्रांतातल्या झीगेनहाइनला त्याची नियमावली ठरली आणि मुलांनी धडे घेऊन मंडळीसमोर आपल्या श्रद्धेची कबुली द्यायची ही रीत पडली. 1921च्या जर्मन कायद्याने तर 14 वर्षं पूर्ण झाली की आपला धर्म आपणच ठरवायचा हक्क दिला.

मग नोव्हेंबर 1954 मध्ये पूर्व जर्मनीतल्या कम्युनिस्ट सरकारच्या पुढाकाराने युगेंडवाइहे, म्हणजे मुलं मोठी झाल्याचा चर्चबाहेरचा सोहळा, पुढे आणलं गेलं आणि 1955च्या वसंतात पहिले सोहळे झाले. ही प्रथा तशी नवी नव्हती, 19व्या शतकातल्या चर्चबाहेरच्या मंडळींनी सुरू केलेली आणि नंतर कामगार चळवळीने उचललेली, पण आता वय तेच 14, हंगाम तोच, नवे कपडे, पाहुणे, जेवण सगळं तेच, फक्त वेदीऐवजी स्टेज आणि पाद्रीऐवजी पाहुणा वक्ता. मुलं एका सुरात 'हो, आम्ही शपथ घेतो' म्हणायची, हातात फुलं आणि विश्व, पृथ्वी, माणूस यांवरचं जाडजूड पुस्तक पडायचं. त्यानंतर शाळेतले शिक्षकही त्यांना अहोजाहो करायचे. त्या वयात हे किती मोठं वाटत असेल!

चर्चने सांगितलं, दोन्ही चालणार नाही, युगेंडवाइहे घेतलं तर कन्फर्मेशन नाही. यावर आजही मतं फाटलेली आहेत. तत्त्व म्हणून मला ते पटतं, कारण एका तोंडाने ख्रिस्तावर विश्वास आहे म्हणायचं आणि काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी शपथ, आणि तीही 1958 पासून उघडउघड समाजवादाच्या कार्यासाठीची, तर मग त्या 'हो'ला अर्थ काय राहिला? पण किंमत कोणी मोजली ते बघा ना. नकार दिला तर पुढच्या शिक्षणाची जागा जाईल, वडिलांना कामावर ऐकून घ्यावं लागेल, ही भीती घराघरात होती. मोठ्यांचं भांडण होतं आणि निवड 14 वर्षांच्या पोरांनी करायची! मला हे फार चुकीचं वाटतं, आणि त्याचा दोष मी आधी सरकारला देतो, मग चर्चला.

निकाल लवकर लागला. 1955 मध्ये पाचातलं एक मूलही पुरतं युगेंडवाइहेकडे गेलं नव्हतं, 1959 पर्यंत पाचातली चार जायला लागली. मग चर्चलाही नमतं घ्यावं लागलं, आणि बऱ्याच ठिकाणी युगेंडवाइहे घेतलेल्या मुलांनाही साधारण वर्षभर थांबून, पुन्हा धडे घेऊन कन्फर्मेशन मिळू लागलं. त्यामुळे काही मुलं वर्गमित्रांपेक्षा उशिरा वेदीपुढे गुडघे टेकायची, पाद्री डोक्यावर हात ठेवून बायबलमधलं एक वचन त्यांच्या नावाने द्यायचा, पण तोवर बाकीच्यांचा सोहळा होऊन वर्ष उलटलेलं असायचं.

1990 मध्ये पूर्व जर्मनीचं राज्यच गेलं तेव्हा युगेंडवाइहेही जाईल असं अनेकांना वाटलं होतं. ते गेलं नाही. समाजवादाची शपथ गळाली, कार्यक्रम राहिला, आणि पूर्वेकडे अजूनही कन्फर्मेशनपेक्षा जास्त मुलं तिकडेच जातात, कारण आजी-आजोबांनी घेतलं, आईवडिलांनी घेतलं, तर आता ती घरचीच रीत झालीय.