ज्वारीतला सोंडा आणि तुरीतला भुंगा एकच नव्हे बरं का

परवा आईने मंगळवेढ्याहून आणलेली मालदांडी ज्वारी गच्चीवर वाळत घातली, शेजारी परातीत तूर होती, तर समोरच्या काकू बघून म्हणाल्या दोन्हीला सोंडेच लागलेत की गं. सोलापुरात बऱ्याच घरात असंच बोलतात, दाण्यात बारीक काळपट किडा दिसला की तो सोंडा. पण हे दोघं भावकीतले सुद्धा नाहीत.

ज्वारीतला एक तळहातावर घ्या, हात लागला की पाय आखडून मेल्यासारखा पडतो, जरा थांबलं की चालायला लागतो. साधारण 3 मिमी, पाठीवर चार तांबूस ठिपके आणि डोक्यापुढे सोंड, सोंडेच्या टोकाला जबडा, मिशा पण सोंडेवरच आणि कोपरात हात वाकवावा तशा मधेच वाकलेल्या. ही कर्क्युलिओनिडी कुळाची खूण, या कुळात 50 हजारांच्या वर जाती आहेत. आपल्या या सोंड्याचं शास्त्रीय नाव सिटोफायलस ओरायझी, लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1763 मध्ये तांदळावरून नाव दिलं, पण त्याला ज्वारी, गहू, मका सगळं चालतं. काही अभ्यासक त्याच्या गटाला वेगळं कुळ मानतात, तरी गोतावळा सोंडवाल्यांचाच.

तुरीतला भुंगा म्हणजे कॅलोसोब्रुकस. त्याला तशी सोंड नाहीच, अंग गुबगुबीत, पंख इतके तोकडे की पोटाचं टोक मागून उघडं दिसतं. याचं पूर्वी ब्रुकिडी म्हणून स्वतंत्र कुळ धरायचे, आता पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुळात ते उपकुळ झालंय.

आता सोंडेने काय फरक पडतो बघा. सोंड्याची मादी सोंडेने दाणा कोरते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून टाकते, त्यामुळे दाणा बाहेरून एकदम चांगला दिसतो आणि अळी आत बसून तो पोखरत राहते, उन्हाळ्यात महिनाभरात सोंडा बाहेर. म्हणूनच ज्वारी चाळून सोंडे काढले आणि डबा बंद केला तरी महिन्याने पुन्हा तेच, आईला हे समजावताना माझा घसा बसला. वर हे सोंडे कित्येक महिने जगतात आणि दाणे खात राहतात.

भुंग्याचं उलटं. मादी अंडं दाण्याच्या सालीवर चिकटवते, तूर निवडताना खडूचा टिपका पडल्यासारखं पांढरं दिसतं ना, तेच. अळी त्याच्या खालूनच दाण्यात शिरते, आणि नंतर बाहेर येणाऱ्या भुंग्याचं भोक गोल, स्वच्छ, सोंड्याचं वेडंवाकडं. मोठ्या भुंग्याला खायची गरजच नसते, दोनेक आठवड्यांत संपतो, पण शेतात शेंगांवरच अंडी घालून ठेवतो, म्हणजे तो पोत्याबरोबर घरी येतो.

म्हणून तुरीची डाळ करून ठेवलेली बरी, भुंग्याला वाढायला अख्खा दाणा लागतो, नाहीतर दाण्याला तेलाचा हात तरी लावा. ज्वारी मात्र पातळ पसरून कडक वाळवा, दाताखाली कट्कन फुटली पाहिजे, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. काकूंनी घरी जाऊन तूर बघितली तर पांढरे टिपके होतेच, दुसऱ्या दिवशी डाळ करायला पाठवली.