काळजाच्या तेलापासून डोळ्यांतल्या मलमापर्यंत

मोरी म्हणजे शार्क मासा. त्याचं काळीज, म्हणजे यकृत, तव्यावर टाकलं की वरून तेल घालावं लागत नाही. त्याचंच पिवळसर तेल सुटतं. अ जीवनसत्त्व साठतं ते याच तेलात. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून कॉड माशाचं तेल येईना, तेव्हा आपल्या किनाऱ्यांवर मुशी-मोरीच्या काळजाचं तेल औषधासाठी काढू लागले.

काळीज डोळ्याला चांगलं, हे मात्र फार जुनं ज्ञान. सुश्रुतसंहितेत रातांधळेपणावर यकृत आणि पिंपळी सांगितली आहे, खायला आणि अंजन म्हणूनही. त्यामागचा घटक अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांना १९१३ साली लोण्यात सापडला. तो मिळाला नाही की शरीरातलं ओलसर अस्तर कातडीसारखं कोरडं, खवल्यांचं होतं, हे १९२५ मध्ये वोल्बॅक आणि होव यांनी उंदरांवर दाखवलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे फेसासारखे बिटो ठिपके हा त्याच बदलाचा एक प्रकार.

मग औषध थेट डोळ्यातच का घालू नये? १९७० च्या दशकात इंडोनेशियात अमेरिकी नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सॉमर यांनी बुबुळ मऊ पडलेल्या मुलांना पोटातून अ जीवनसत्त्व दिलं, जोडीला त्याच जीवनसत्त्वाचं एक रूप, रेटिनॉइक आम्ल, डोळ्यात घातलं. व्रण लवकर भरले. अश्रूंतच रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्व, असतं हे १९८४ मध्ये दिसलं आणि आशा वाढली. पुढच्याच वर्षी नेत्रतज्ज्ञ शेफर त्सेंग यांनी कोरड्या डोळ्यांवर ट्रेटिनॉइनचं (रेटिनॉइक आम्लाचंच औषधी नाव) मलम गुणकारी ठरल्याचं मांडलं. पण १९८८ च्या मोठ्या चाचणीत साध्या कोरडेपणात फारसा फरक पडला नाही. स्टीव्हन्स-जॉन्सनसारख्या, कातडी आणि डोळ्यांचं अस्तर सोलवटणाऱ्या आजारात कातडीसारखं झालेलं अस्तर मात्र काही रुग्णांत पुन्हा मऊ झालं. माझ्या मते या औषधाची खरी जागा तीच. रेटिनॉइक आम्ल डोळ्याला झोंबतं, म्हणून पुढे थेंबांसाठी सौम्य रेटिनॉल पाल्मिटेट पुढे आलं.

खाऱ्या वाऱ्यात दिवस काढणारा खलाशी 'डोळ्यात रेव गेल्यासारखं टोचतंय' म्हणतो, तेव्हा त्याचा आजार वेगळा असतो. तिन्हीसांजेला उंबऱ्यात अडखळणाऱ्या पोराचा वेगळा. त्या पोराला बाटलीतला थेंब पुरत नाही. पोटातून डोस लागतो, तोही लगेच, डॉक्टरांकडून. म्हणूनच १९७० मध्ये सरकारने एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचे दोन लाख युनिट पाजायला सुरुवात केली. आता पहिला, एक लाखाचा डोस नवव्या महिन्यात, गोवराच्या लशीबरोबरच देतात.