एकगियर सायकलचे मागचे चाक : सुट्या भागांचा मेळ

एकगियर सायकलच्या मागच्या चाकात हब (चाकाचा मधला तुंबा), एक्सल, फ्रीव्हील (पायडल थांबवले तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती), आरे आणि रिम हे भाग एकमेकांशी मापाने जुळावे लागतात, आणि सगळे चाक मिळून फ्रेमशी व चेनशी जुळावे लागते. ही रचना साधी दिसते. परंतु निरनिराळ्या देशांत मापे स्वतंत्रपणे ठरत गेल्याने जुन्या हबवर नवे फ्रीव्हील किंवा जुन्या फ्रेममध्ये नवे चाक बसवताना अडचणी येतात. त्यांतील काही वॉशर घालून किंवा आरे आवळून दूर होतात, तर काहींत जोर लावल्यास हब कायमचा निकामी होतो. त्यामुळे पान्हा हाती घेण्यापूर्वी माप घेणे आवश्यक आहे.

सर्वांत धोक्याचा बेमेळ आट्यांचा. आज सर्वत्र रूढ असलेल्या फ्रीव्हीलच्या आट्यांचा व्यास १.३७५ इंच, म्हणजे सुमारे ३४.९ मिमी असतो आणि एका इंचात २४ आटे असतात. जुन्या फ्रेंच हबच्या आट्यांचा व्यास ३४.७ मिमी आणि आट्यांतील अंतर १ मिमी असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, हाताला मात्र जाणवतो. इंग्रजी मापाचे फ्रीव्हील फ्रेंच हबवर सैल फिरत जाते आणि पायडलवर जोर पडताच आटे मारते. उलट जोडीत ते एकदोन फेऱ्यांतच अडते. बीएमएक्स सायकलींच्या १५ किंवा त्याहून कमी दात्यांच्या लहान फ्रीव्हीलसाठी ३० मिमी व्यासाचे वेगळे आटे असतात. फ्रीव्हील चढवताना आट्यांना ग्रीस लावावे, ते आधी उलट दिशेने हळू फिरवावे आणि आटा आट्यात पडल्याची बारीक ‘टक’ जाणवली की सुलट फिरवावे. पहिल्या तीन-चार फेऱ्या बोटांनी होत नसतील, तर तिथेच थांबावे.

फ्रीव्हीलच्या हबवर फिक्स चकती (चाकाबरोबर पायडलही फिरवत ठेवणारी) चढवणे हा तर जिवाशी खेळ आहे. ट्रॅकवरील शर्यतीच्या सायकलींच्या हबवर चकतीपुढे उलट्या आट्यांची लॉकरिंग असते. ती नसेल तर पायांनी वेग आवरताना चकती सुटते.

चेनच्या दोन कड्यांतील अंतर सर्वत्र १/२ इंच असले तरी रुंदी १/८ किंवा ३/३२ इंच असते. रुंद चेन अरुंद दात्यांवर चालते, अरुंद चेन रुंद दात्यांवर बसतच नाही. त्याखेरीज पुढची व मागची चकती एका रेषेत हवी. मागची रेषा काढण्यासाठी हबच्या दोन्ही लॉकनटांमधील (एक्सलवर हबच्या दोन्ही टोकांना बसणाऱ्या नटांमधील) अंतराच्या निम्म्यातून लॉकनट ते चकतीच्या मध्यापर्यंतचे अंतर वजा करतात : १२० मिमीच्या हबवर ते १८ मिमी असल्यास रेषा ४२ मिमीवर येते. पुढची रेषा फ्रेमच्या मध्यापासून मोजतात. दोन्हींत फरक पडल्यास चेन कुरकुरते आणि वरचेवर उतरते.

लॉकनटांमधील अंतर साधारणपणे ११०, १२०, १३० किंवा १३५ मिमी असते. १२० मिमीचा हब १३० मिमीच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना ५ मिमीचे वॉशर घालून बसतो, मात्र बाहेरच्या नटात आटे पुरेपूर शिरतील इतका एक्सल लांब हवा. चेनची रेषा साधण्यासाठी वॉशर एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूला घातले, तर रिम मध्यावरून सरकते. मग एका बाजूचे आरे सैल व दुसऱ्या बाजूचे घट्ट करून ती पुन्हा मध्यावर आणावी लागते. दुकानांत ‘आऊट काढणे’ म्हणतात ते काम याच वेळी उरकून घ्यावे. पोलादी फ्रेम काही मिलिमीटर फाकवता येते. ॲल्युमिनियमची कधीही फाकवू नये.

रिमच्या बाबतीत इंचांचे आकडे फसवे आहेत. २६ × १ ३/८ च्या टायरच्या रिमवरील बैठकीचा व्यास ५९० मिमी, तर २६ × १ १/२ चा ५८४ मिमी असतो; दोन्हींवर ‘२६’ लिहिलेले असूनही टायर अदलाबदल होत नाहीत. टायरच्या कडेवर छापलेला मिलिमीटरचा आकडा तेवढा प्रमाण मानावा.

शेवटी चेनचा ताण. चाक मागेपुढे सरकवण्याची खाच फ्रेमला असल्यास चेन मध्यावर वरखाली मिळून सुमारे १२ मिमी हलेल अशी ठेवतात, आणि पायडल पूर्ण फिरवून ती कुठे जास्त ताणते ते पाहतात. खाच उभी असल्यास चाक सरकत नाही, म्हणून अर्धी कडी किंवा ताण देणारी लहान चकती वापरावी लागते.