विद्यार्थी अर्थसाहाय्य व शिष्यवृत्ती (नाशिक)

नाशिक जिल्ह्यात महाविद्यालयीन व विद्यापीठीय शिक्षण घेणाऱ्यांना शुल्कमाफी, निर्वाह भत्ता, गुणवत्ता शिष्यवृत्ती, कमवा व शिका आणि शैक्षणिक कर्ज या मार्गांनी मिळणारी आर्थिक मदत. यातला मोठा वाटा राज्य शासनाच्या योजनांचा असून त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या एकाच पोर्टलवर भरले जातात. मात्र योजना चालवणारी खाती वेगवेगळी आहेत: समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन मुलांचे अर्ज दोन निराळ्या कार्यालयांत जातात आणि एकाचे पैसे आले तरी दुसऱ्याचे येतीलच असे नसते.

जिल्ह्यातली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान व अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) यांची मुख्यालये नाशिकलाच आहेत. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालयही येथेच, जुन्या आग्रा रोडवर आहे. जिल्ह्यात आदिवासी विकास प्रकल्पाची दोन कार्यालये आहेत, एक नाशिकला व दुसरे कळवणला. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या मुलाने आपला तालुका कोणत्या प्रकल्पात येतो हे आधी पाहावे, नाहीतर हेलपाटा फुकट जातो.

कोणाला काय मिळते

अनुसूचित जाती व जमातींसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. तीत शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. अनुसूचित जातीसाठी भत्त्याचे चार गट आहेत. अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या पहिल्या गटातल्या पदवीला वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० व घरून येणाऱ्यास ७,००० रुपये मिळतात, साध्या बी.ए., बी.कॉम.ला हेच आकडे ६,००० व ३,००० आहेत. दिव्यांग विद्यार्थ्याला दहा टक्के जास्त मिळतात. उत्पन्न अडीच लाखांवर असेल, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीऐवजी ‘फ्रीशिप’चा अर्ज करायचा असतो. त्यात भत्ता नसतो, शुल्क मात्र भरले जाते.

विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण आणि इतर मागास प्रवर्गातील मुलांना निम्मे शिक्षण व परीक्षा शुल्क मिळते. खुल्या गटासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. जुने पालक अजूनही तिला ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलतच म्हणतात. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख असून शुल्काचा निम्मा परतावा मिळतो व एका कुटुंबातील दोन अपत्यांपर्यंतच लाभ दिला जातो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्म्याऐवजी पूर्ण सवलत सुरू झाली. ‘मुलींना शिक्षण मोफत’ अशी तिची ख्याती पसरली, पण ती शिक्षण व परीक्षा शुल्कापुरतीच आहे. विकास शुल्क, बस, खानावळ, गणवेश हा खर्च पालकांनाच करावा लागतो, आणि तो लहान नसतो.

राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, तर जमातीच्या विद्यार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना लागू होते. नाशिक शहरासाठी या दोन्हींची वार्षिक रक्कम ५१,००० रुपये आहे : भोजन २८,०००, निवास १५,००० आणि निर्वाह ८,०००. इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी अशाच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. विद्यार्थी शिकतो त्या शहराचा रहिवासी नसावा, ही यातली मुख्य अट आहे. पंचवटीत घर आणि कॉलेज रोडला खोली, असा अर्ज टिकत नाही.

केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. बारावीला आपल्या शाखेत ८० व्या पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढे) असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याला पदवीला वर्षाला १२,००० व पदव्युत्तरला २०,००० रुपयांची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळू शकते. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. अर्ज दोन्हीकडे केला तरी एकाच शिक्षणासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. म्हणून आधी बेरीज करावी आणि जास्त रकमेची ठेवावी.

दाखले

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तो सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून काढतात. लोकसेवा हक्क कायद्यानुसार मुदत १५ दिवसांची आहे. २०२५-२६ च्या अर्जाला आर्थिक वर्ष २०२४-२५ चे उत्पन्न दाखवणारा, ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध दाखला लागतो. नोकरदारांना फॉर्म १६ जोडावा लागतो. शेतकऱ्याचे उत्पन्न सातबारा, आठ-अ व तलाठ्याच्या अहवालावरून धरतात. द्राक्षबागेच्या जिल्ह्यात हा भाग नेहमीच नाजूक असतो. गारपिटीने बाग झोपली तरी कागदावर क्षेत्र तेवढेच दिसते, म्हणून नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत तलाठ्याला वेळीच दाखवलेली बरी.

नॉन क्रिमीलेअर (मागास प्रवर्गातले कुटुंब संपन्न गटात मोडत नाही, असा दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला यांचा घोळ सर्वांत जास्त होतो. नॉन क्रिमीलेअर ठरवताना आईवडिलांचा पगार व शेतीचे उत्पन्न मोजत नाहीत; शिष्यवृत्तीची आठ लाखांची मर्यादा पाहताना मात्र सगळेच मोजतात. दोघे शिक्षक असलेल्या घरातल्या मुलाकडे नॉन क्रिमीलेअर असू शकते, पण शुल्कमाफी त्याला मिळत नाही.

जातवैधता प्रमाणपत्राचे काम जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते. समाजकल्याणची कार्यालये नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहेत. जमातींसाठी स्वतंत्र समिती आहे. पडताळणीला महिने लागतात. म्हणून अर्ज अकरावी-बारावीतच टाकावा. सीईटीच्या निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांची रांग दर वर्षी तीच असते.

अर्ज कसा पुढे सरकतो

विद्यार्थी आधारवरील ओटीपीने नोंदणी करतो आणि वैयक्तिक माहिती, पत्ता, चालू अभ्यासक्रम, मागील शिक्षण व वसतिगृह हे भाग भरतो. दाखल्यांवरचा बारकोड क्रमांक टाकला की तपशील आपोआप येतो. न आल्यास स्कॅन जोडतात. फाइल १५ ते २५६ केबीत बसावी लागते आणि सायबर कॅफेत ती इतकी दाबतात की शिक्काच वाचता येत नाही. अर्ज परत येण्याचे हे एक फालतू पण नेहमीचे कारण. पुढे अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि शेवटी संबंधित खात्याकडे जातो. त्रुटी असेल तर तो ‘सेंड बॅक’ होऊन विद्यार्थ्याकडे येतो. त्याचा संदेश जुन्या मोबाइल नंबरवर गेला, तर विद्यार्थ्याला पत्ताच लागत नाही. दर आठवड्याला लॉगिन करून अर्ज कोणाच्या टेबलावर अडकला ते पाहणे हाच उपाय. महाविद्यालयाकडे अडकला असेल तर समाजकल्याणला जाऊन उपयोग नसतो.

व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थापातळीवर घेतलेल्या जागेला सवलत नाही. आवडीची शाखा मिळावी म्हणून कॅपची जागा सोडणाऱ्यांच्या हे शुल्काची पावती हातात पडल्यावरच लक्षात येते. शाहू योजना खासगी अभिमत व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठांनाही लागू नाही, तेव्हा प्रवेशापूर्वी संस्था महाविद्यालय आहे की खासगी विद्यापीठ हे विचारून घ्यावे. बी.ए., बी.एस्सी.सारख्या अभ्यासक्रमांना कॅपची अट नसते.

पैसे कोठे अडकतात

रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही. एनपीसीआय (बँकांमधले डिजिटल व्यवहार चालवणारी संस्था) हिच्या नोंदीत ज्या बँकेशी आधार शेवटचा जोडला गेला, त्या बँकेत ती जाते. विद्यार्थ्याने नाशिकरोडला नवे खाते काढले, त्या बँकेने आधार सीडिंग (ही एनपीसीआयकडची जोडणी) केले, की शिष्यवृत्ती तिकडे वळते. घरचे मात्र गावच्या पासबुकात नोंद शोधत बसतात. खात्याला केवायसीसाठी आधार देणे आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बँकेत सीडिंगचा संमतीअर्ज वेगळा भरावा आणि आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती तपासावी. खाते बरीच वर्षे वापरात नसेल तर रक्कम परत जाते.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत खर्चाचा ६० टक्के भार केंद्राचा व ४० टक्के राज्याचा आहे आणि दोन्ही हिस्से वेगवेगळ्या वेळी येतात. घरून येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या ७,००० रुपये भत्त्यापैकी ४,२०० एकदा आणि २,८०० दुसऱ्यांदा, कधीकधी अनेक महिन्यांच्या अंतराने. शुल्काची रक्कमही याच रीतीने विद्यार्थ्याच्या खात्यात येते व ती सात दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. घरात अडचण असली की ती खर्चून जाते, मग निकालपत्र किंवा दाखला घेताना थकबाकी पुढे येते. पैसे आले त्याच दिवशी भरून पावती घेणे शहाणपणाचे.

दुसऱ्या वर्षी नवा अर्ज न करता नूतनीकरण करायचे असते. केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीला त्यासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी लागते.

इतर मार्ग

पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेखाली ग्रंथालय, कार्यालय, बाग अशी तासावारी कामे मिळतात. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या (फेलोशिप) आहेत. त्यांची जाहिरात ठरावीक महिन्यात निघत नाही, लक्ष ठेवावे लागते.

शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण व स्वतःचा हिस्सा लागत नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के व परदेशासाठी पंधरा टक्के हिस्सा कुटुंबाने घालायचा असतो. परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होते, पण व्याज पहिल्या हप्त्याच्या उचलीपासूनच चढू लागते. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी या काळातल्या व्याजावर केंद्राचे अनुदान मिळते. त्यासाठी दावा बँकेच्या शाखेने भरायचा असतो, म्हणून उत्पन्नाचा दाखला कर्ज मंजूर होतानाच शाखेत द्यावा.