नताशा ट्रेथवे

नताशा ट्रेथवे (जन्म २६ एप्रिल १९६६, गल्फपोर्ट, मिसिसिपी) ह्या अमेरिकन कवयित्री आणि कविता लिहायला शिकवणाऱ्या प्रोफेसर. २००७ चं कवितेचं पुलित्झर पारितोषिक आणि २०१२ ते २०१४ अमेरिकेचं पोएट लॉरिएटपद (म्हणजे राष्ट्रकवीसारखा मान), म्हणजे तिकडे कवीला मिळण्यासारखं बहुतेक सगळं मिळून झालंय, पण बाईंची कविता कुठून येते ते कळायला आधी त्यांच्या आईवडिलांचं लग्न बघावं लागतं.

आई ग्वेंडोलिन काळी, वडील एरिक ट्रेथवे गोरे, मूळचे कॅनडाचे आणि स्वतः कवी. मिसिसिपीत असं लग्न तेव्हा गुन्हा होता म्हणून १९६५ मध्ये दोघं ओहायोत सिनसिनाटीला गेले, लग्न लावलं आणि परत आले. सुप्रीम कोर्टाने असले कायदे १९६७ मध्ये मोडीत काढले, म्हणजे पोरगी जन्मली तेव्हा राज्याच्या लेखी ते लग्न लग्नच नव्हतं. त्यात जन्माचा दिवस कॉन्फेडरेट मेमोरियल डे, अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) सैनिकांचा स्मृतिदिन, आणि तोही बरोब्बर शंभरावा!

ह्याच लग्नावर त्यांनी एक गझल लिहिलीय, हो, गझलच. रदीफ, म्हणजे दर शेराच्या शेवटी येणारा तोच शब्द, काय तर 'मिसिसिपी'. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळी मिसिसिपीवर संपतात, मग प्रत्येक शेर फिरून तिथेच येतो आणि मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, कवयित्रीचं नाव, नताशा. काफिया (रदीफाआधीचं यमक) नाहीये, त्यामुळे आपले गझलवाले नाकं मुरडतील, पण ज्या राज्याने आपला जन्मच बेकायदा ठरवला त्याचं नाव दर शेराला घ्यावं लागणं, ह्यासाठी रदीफ इतका चपखल वापरलेला मी तरी फार कमी वेळा पाहिलाय.

पुढे आईवडील वेगळे झाले, आई अटलांटाला गेली, तिथे दुसरं लग्न केलं. नवरा मारहाण करायचा. तिने घटस्फोट घेतला, तरी जून १९८५ मध्ये त्याने तिचा खून केला. नताशा तेव्हा १९ वर्षांच्या, जॉर्जिया युनिव्हर्सिटीत शिकत होत्या. नंतर हॉलिन्समधून एमए (वडील तिथेच शिकवायचे) आणि १९९५ मध्ये मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीतून कवितेतली एमएफए. आपल्याकडे कवी प्रोफेसर असला तर तो मराठी नाहीतर इंग्रजी शिकवतो आणि कविता घरी लिहितो, तिकडे एमएफए म्हणजे कविता लिहिण्याचीच डिग्री, वर्कशॉपमध्ये पोरं आपापल्या कविता आणतात, सगळे मिळून त्या चिरफाडतात आणि शिकवणाऱ्याला त्याचाच पगार मिळतो. बाईंनी आधी ऑबर्नला, मग २००१ पासून बरीच वर्षं अटलांटाच्या एमरी युनिव्हर्सिटीत आणि २०१७ पासून नॉर्थवेस्टर्नला हेच केलं.

पहिला संग्रह 'डोमेस्टिक वर्क' (२०००) कवयित्री रिटा डव्ह ह्यांनी पुरस्कारासाठी निवडला होता, त्यात धुणीभांडी करणाऱ्या, राबणाऱ्या काळ्या माणसांच्या कविता आहेत. पण खरं नाव झालं ते पुलित्झर मिळालेल्या 'नेटिव्ह गार्ड' (२००६) मुळे. गल्फपोर्टसमोर समुद्रात शिप आयलंड नावाचं बेट आहे, यादवी युद्धात तिथे उत्तरेच्या बाजूने लढणारी काळ्या सैनिकांची 'नेटिव्ह गार्ड्स' नावाची पलटण कॉन्फेडरेट कैद्यांवर पहारा द्यायची. कालपर्यंतचे गुलाम राखणदार आणि मालक कैदेत! बेटावर कॉन्फेडरेट सैनिकांच्या नावांची पाटी होती, ह्यांची नव्हती, आणि लहानपणी कितीदा तिथे जाऊनही बाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं. मुख्य कविता दहा सुनीतांची (चौदा-चौदा ओळींच्या कवितांची) आहे, एकाची शेवटची ओळ थोडी बदलून पुढच्याची पहिली होते. बोलणारा सैनिक लिहायला शिकलेला, तो अडाणी कैद्यांची पत्रं लिहून देतो, आणि स्वतःची डायरी लिहायला कोरा कागद नाही म्हणून कुणा गोऱ्याच्या ओसाड घरातून उचललेल्या वहीत, त्याच्या ओळींवरच आडव्या ओळी लिहीत जातो. त्याच पुस्तकात आईवरच्या कविता आहेत, कारण तिच्या कबरीवरही तेव्हा दगड नव्हता.

'थ्रॉल' (२०१२) मध्ये वडील आहेत आणि मेक्सिकोतली अठराव्या शतकातली 'कास्टा' चित्रंही, कोण कोणाशी मिसळलं की पोराला काय म्हणायचं ह्याचा चित्रांतला तक्ता. पोर्तुगीजांनी आपल्याकडे येऊन जातीला लावलेला शब्दही हाच, कास्टा, त्यावरूनच इंग्रजीतला कास्ट.

लॉरिएट असताना २०१३ मध्ये बाई काही महिने वॉशिंग्टनला राहिल्या आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पोएट्री रूममध्ये चक्क ऑफिस अवर्स ठेवून येईल त्याला भेटत होत्या. त्याच काळात त्या मिसिसिपीच्याही लॉरिएट होत्या, त्याच मिसिसिपीच्या.

आईच्या खुनावर सरळ गद्यात लिहायला २०२० उजाडलं. 'मेमोरियल ड्राइव्ह' मध्ये त्यांनी आईचे त्या दुसऱ्या नवऱ्याशी फोनवर झालेले, रेकॉर्ड केलेले संवाद जसेच्या तसे छापलेत, मध्ये कुठे भाष्य नाही, ते वाचताना मला दोनदा पुस्तक खाली ठेवावं लागलं. मेमोरियल ड्राइव्ह हा अटलांटातला रस्ता, खून झाला ते अपार्टमेंट त्यावरच. रस्ता पुढे स्टोन माउंटनकडे जातो, तिथे डोंगराच्या कड्यावर कॉन्फेडरेट पुढारी घोड्यांवर बसलेले कोरलेत.